१४ पदार्थांची ॲलर्जी निघाली, म्हणजे नेमके काय निघाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२. दोन वर्षांपासून सकाळी उठल्याउठल्या शिंकांचा सपाटा सुरू होतो, नाक गळते आणि रात्री चोंदते. तीन महिन्यांपासून अंगावर पित्त उठते, त्याला वेळकाळ नाही. रक्ताच्या तपासणीत १४ पदार्थांची ॲलर्जी निघाली. दूध, गहू, अंडी, शेंगदाणे, टोमॅटो सगळे बंद करून दोन महिने झाले. वजन चार किलो उतरले, शिंका आणि पित्त मात्र तसेच आहे. आता आणखी काय सोडायचे?

आणखी काहीही सोडू नका. शिंका हा एक आजार आहे आणि अंगावर उठणारे पित्त हा दुसरा. या दोन्हींचे मूळ त्या १४ पदार्थांत असण्याची शक्यता फार कमी आहे. असे मी का म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण ते कळले की पुढचा बराच खर्च आणि उपासमार वाचेल.

मराठीत आपण ‘मला त्याचे वावडे आहे’ असे सहज म्हणतो. त्यात न पचणे, न मानवणे, न आवडणे सगळे येते. वैद्यकातली ॲलर्जी मात्र बरीच अरुंद आहे. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली हा शब्द पहिल्यांदा वापरला. आज आपण तो प्रतिकारशक्तीने एखाद्या निरुपद्रवी गोष्टीवर उलटून धावून जाण्याला लावतो. नेहमीच्या प्रकारात शरीर त्या गोष्टीतल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवते. ती त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा आत आले की शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरते आणि मास्ट पेशी खाज आणि सूज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचा साठा बाहेर टाकते. हे सगळे काही मिनिटांत घडते.

म्हणून वेळ हा पहिला पुरावा. खाण्याच्या ॲलर्जीची लक्षणे बहुधा पाच मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतात, तो पदार्थ खाल्ला की जवळजवळ दर वेळी दिसतात, आणि थोड्याशा घासानेही दिसतात. आज खाल्ले तर त्रास, उद्या खाल्ले तर काही नाही, असे चालले असेल तर तो पदार्थ बहुतेक निर्दोष असतो. पेलाभर दूध प्याल्यावर पोट फुगते, पण चहातले दूध चालते, हे दुधातली साखर न पचण्याचे लक्षण आहे. त्यात प्रतिकारशक्तीचा हात नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. गोचीड चावल्यानंतर काहींना लाल मांसाची ॲलर्जी होते, तिची लक्षणे तीन ते सहा तासांनी, बरेचदा मध्यरात्री येतात. काहींना गहू एरवी चालतो, पण गहू खाऊन पळायला किंवा व्यायामाला गेले की अंगभर गांधी उठून ते कोसळतात. मद्य, ताप आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके हीसुद्धा अशीच ठिणगी टाकतात. त्यामुळे हकीगत घेताना ‘काय खाल्ले’ एवढेच विचारून भागत नाही. किती वेळाने, किती प्रमाणात, त्याआधी काय केले, कोणती गोळी घेतली, लक्षण किती वेळात ओसरले, आणि नंतर तोच पदार्थ पुन्हा खाल्ला होता का, हे सगळे विचारावे लागते. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. नंतर निर्धास्तपणे खाल्ला असेल तर बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो.

आता तुमच्या अंगावरच्या पित्ताकडे येऊ. या शब्दानेच अर्धा घोटाळा होतो. पोटात आम्ल वाढणे आणि अंगावर गांधी उठणे या दोन्हींना आपण ‘पित्त’ म्हणतो, मग लोक अंगावरच्या पित्तासाठी आम्लाच्या गोळ्या घेत राहतात. गांधी त्वचेतल्या मास्ट पेशींमुळे उठतात, जठराशी त्यांचे नाते नाही. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज गांधी उठत असतील तर त्याला जुनाट शीतपित्त म्हणतात, आणि ते बाहेरच्या ॲलर्जीने होणे विरळ. बहुतेकांत शरीर स्वतःच्याच मास्ट पेशींना चिथावत असते. म्हणून पदार्थ सोडून ते थांबत नाही.

एक सोपी गोष्ट आजच करा. उठलेल्या एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ ओढा, वेळ लिहा आणि फोटो काढा. साध्या शीतपित्तात ती विशिष्ट गांधी २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, भले दुसरीकडे नवीन उठो. तीच गांधी २४ तासांनंतरही जागेवर असेल, खाजेपेक्षा आग किंवा दुखणे जास्त असेल, आणि जाताना निळसर-तपकिरी डाग सोडत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा संशय घेऊन त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी बहुधा गेलेली असते, म्हणून फोटो हवाच.

उपचार म्हणजे झोप न आणणारी हिस्टामिनरोधक गोळी: सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लोराटाडिन १०, बिलास्टिन २० किंवा फेक्सोफेनाडिन १८० यांपैकी एक, आणि ती रोज. गांधी उठल्यावरच गोळी घेणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे, कारण गोळीने हिस्टामिनची जागा आधीच अडवायची असते. दोन ते चार आठवड्यांत ताबा आला नाही तर डॉक्टर हीच मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात. हे स्वतःहून करू नका, मूत्रपिंडाचा आजार असेल तर मुळीच नको. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतले तर नीट शोषले जात नाही, ते पाण्याबरोबरच घ्या. चौपट मात्रेनेही भागले नाही तर ओमालिझुमॅब ३०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी देतात आणि त्याने बऱ्याच जणांना खरोखर आराम पडतो. स्टिरॉइडच्या गोळ्या जास्तीत जास्त काही दिवस घ्याव्यात. महिनोन्‌महिने त्यांवर राहणारे रुग्ण मधुमेह, ठिसूळ हाडे आणि मोतीबिंदू घेऊन येतात, हे पाहवत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो, पण खाज नाही आणि गांधीही नाहीत, असे असेल तर रक्तदाबाच्या गोळीचे नाव वाचा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या औषधांनी अशी सूज येते, कधी औषध सुरू करून काही वर्षे झाल्यावरही. ती हिस्टामिनची नसल्याने ॲलर्जीच्या गोळ्यांना दाद देत नाही. अशा वेळी रुग्णालय गाठा, आणि ते औषध डॉक्टरांकरवी कायमचे बदलून घ्या.

शिंकांचे प्रकरण वेगळे आहे. दोन्ही नाकपुड्या, पाण्यासारखा स्राव, टाळूला आणि डोळ्यांना खाज, सकाळी जोर, बारा महिने चालू. हे वर्णन धुळीतल्या डस्ट माइट या सूक्ष्म किड्यांच्या ॲलर्जीकडे बोट दाखवते. ते गादी-उशीत राहतात आणि आपण सात-आठ तास नाक त्यातच घालून झोपतो. त्रास ठरावीक महिन्यांतच होत असता तर परागकणांचा, एका खोलीत होत असता तर प्राण्याचा किंवा बुरशीचा संशय घेतला असता. खाज नाही, नुसते नाक गळते, तेही वासाने, थंड हवेने किंवा गरम जेवताना, तर ते ॲलर्जीचे नसण्याची शक्यता जास्त. एकाच बाजूने चोंदणे, रक्त येणे किंवा एकाच नाकपुडीतून वाकल्यावर स्वच्छ पाणी ठिबकणे, हे कधीही ॲलर्जी म्हणून खपवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने बघायलाच हवे.

असा संशय हकीगतीतून पक्का झाला की मग तपासणी. ‘या माणसाला डस्ट माइटची ॲलर्जी आहे का?’ असा नेमका प्रश्न तिला विचारायचा असतो. सरसकट पन्नास गोष्टी तपासल्या की त्यांतल्या काही हमखास ‘पॉझिटिव्ह’ येतात. आयजीई असणे म्हणजे शरीराने ओळख ठेवली आहे. ॲलर्जी म्हणण्यासाठी लक्षणेही दिसली पाहिजेत. ओळख असून आयुष्यभर काहीच त्रास न होणारे लोक भरपूर आहेत.

सर्वांत उपयोगी तपासणी प्रिक टेस्ट. मनगट आणि कोपर यांच्यामधल्या आतल्या त्वचेवर अर्कांचे थेंब निदान दोन सेंटिमीटर अंतराने ठेवतात. प्रत्येक थेंबातून नव्या लान्सेटने, म्हणजे बारीक टोकाच्या सुईने, जेमतेम एक मिलिमीटर टोचतात. रक्त आले तर जास्त खोल गेले असे समजावे. थेंब एकमेकांत मिसळू न देता टिपतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी मोजतात. दोन थेंब पडताळणीचे असतात: एक हिस्टामिनचा, जो उठलाच पाहिजे, आणि एक मिठाच्या पाण्याचा, जो उठता कामा नये. मिठाच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी आली तर चाचणी पॉझिटिव्ह. लाली मोजायची नाही, उंचवटा मोजायचा.

ही चाचणी फसते ती बहुधा दोन कारणांनी. हिस्टामिनचा थेंबच उठला नाही तर रुग्णाने गोळी घेतलेली असते. ती सात दिवस आधी बंद हवी, आणि सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळ्यांत व सिरपमध्येही ती दडलेली असते हे लोकांना माहीत नसते. उलट मिठाचा थेंबही उठला तर त्या माणसाची त्वचा नुसत्या ओरखड्यानेच फुगते आणि बाकीचे निकाल वाचता येत नाहीत. शीतपित्तात हे नेहमी घडते, तेव्हा तुमच्या बाबतीत आधी हातावर बोथट टोकाने एक रेघ ओढून बघावी लागेल. मोठी प्रतिक्रिया येऊन गेली असेल तर चार ते सहा आठवडे थांबावे, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

गोळी बंद करणे शक्य नसेल किंवा त्वचा वाचण्याजोगी नसेल तर रक्तातली विशिष्ट आयजीई मोजतात. सहसा ०.३५ किलोयुनिट प्रति लिटरच्या वर गेले की अहवालात ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. आकडा जितका मोठा तितकी खरी ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. पण प्रतिक्रिया किती भयंकर येईल हे त्यावरून सांगता येत नाही. एकूण आयजीईचा आकडा तर जंत, इसब अशा कशानेही वाढतो.

आता तुमच्या अहवालाचे शीर्षक वाचा. त्यात आयजीई आहे की आयजीजी? पदार्थांच्या लांबलचक याद्या देणाऱ्या अनेक तपासण्या आयजीजी मोजतात. आयजीजी ही प्रतिपिंडांची दुसरी जात, म्हणजे तुम्ही ते अन्न खात आला आहात याची शरीरातली नोंद. त्यामुळे रोज खाल्ले जाणारे पदार्थच अशा यादीत वर येतात. ॲलर्जीच्या निदानात या तपासणीला स्थान नाही, आणि युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. अहवाल आयजीईचा असला तरी प्रश्न तोच उरतो: तो पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत काही होत होते का?

हकीगत आणि तपासणी यांचे जमत नसेल तर अंतिम निकाल देते ती देखरेखीखाली खाऊ घालण्याची चाचणी. अगदी कणभरापासून सुरू करून दर २० ते ३० मिनिटांनी मात्रा वाढवतात, पूर्ण वाटा संपला की काही तास बसवून ठेवतात. जीवघेण्या प्रतिक्रियेवरचे औषध, ॲड्रेनालिन, हाताशी असलेल्या रुग्णालयातच ती करायची, घरी नाही.

त्वचेला लागून होणारी ॲलर्जी, म्हणजे निकेलचे दागिने, केसांचा काळा रंग, रबरी हातमोजे, यांत आयजीई नसते. ती एक ते तीन दिवसांनी उमटते. तिथे प्रिक टेस्ट कुचकामी. पाठीवर पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवायच्या, काढल्यावर एकदा आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा वाचायच्या. दुसरे वाचन टाळले तर खरे निकाल निसटतात.

नाकावरच्या उपचारात स्टिरॉइडचा फवारा पहिला. स्टिरॉइड म्हणून घाबरू नका. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा अगदी थोडा अंश रक्तात जातो. पण तो मारतात कसा यावर सगळे अवलंबून आहे. आधी नाक हलकेच शिंकरा. बाटली हलवा, नवी असेल तर हवेत धूर दिसेपर्यंत काही फवारे सोडा. मान मागे टाकू नका, किंचित खाली झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा. असा उलटा हात ठेवल्याने टोक आपोआप बाहेर, त्याच बाजूच्या कानाकडे वळते. फवारताना नुसता हलका श्वास घ्या. जोरात ओढलात तर औषध घशात जाते, कडू लागते आणि नाक कोरडेच राहते. टोक मधल्या पडद्याकडे ठेवले तर तिथे खपली धरून रक्त येते, आणि ‘फवाऱ्याने रक्त येते’ म्हणून लोक औषध सोडतात. फ्लुटिकासोन मोठ्यांना सुरुवातीला दिवसातून एकदा, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी निराश होऊ नका.

चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नयेत. त्यानंतर थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त फुगते आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. तुम्ही ते वापरत असाल तर तुमचे रात्रीचे चोंदणे त्यानेच असू शकते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे चांगले: एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, आणि पाणी उकळून गार केलेलेच. न उकळलेल्या पाण्यातून क्वचित नाकावाटे मेंदूत जाणारा अमीबा प्राणघातक ठरतो.

अंथरुण-पांघरुणाच्या खोळी आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा, गादी-उशीला माइट न जाऊ देणारी घट्ट विणीची आवरणे घाला, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. यातला एकच उपाय केला तर फारसा फरक पडत नाही, एकत्र केले तर पडतो. खोकला, छातीत घरघर किंवा जिना चढताना दम असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची तपासणी, करा, कारण नाकाची ॲलर्जी आणि दमा बरेचदा जोडीने राहतात.

फवारा, गोळी नीट घेऊनही भागले नाही आणि दोषी गोष्ट चाचणीने व हकीगतीने एकच ठरली, तर प्रतिकारशक्तीला सवय लावणारा उपचार आहे. लेनर्ड नून यांनी १९११ साली परागकणांवर तो पहिल्यांदा मांडला. इंजेक्शनने किंवा जिभेखाली वाढत्या मात्रेने तो निदान तीन वर्षे घ्यावा लागतो. प्रत्येक इंजेक्शननंतर ३० मिनिटे दवाखान्यात बसायचे, कारण घातक प्रतिक्रिया बहुधा याच वेळात येते. दमा ताब्यात नसेल तर तो सुरू करू नये. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाने कोसळलेल्यांसाठी मात्र हा उपचार जीव वाचवणारा आहे आणि तो टाळू नये.

तुमच्या प्रश्नात हे नव्हते, तरी प्रत्येकाला ठाऊक हवे: ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीराला घेरणारी जीवघेणी ॲलर्जी. गांधी किंवा खाजेसोबत घसा आवळणे, आवाज बदलणे, धाप, चक्कर किंवा सारख्या उलट्या असे काहीही आले, की तो ॲनाफिलॅक्सिस समजा. दहातल्या एक-दोघांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून ‘अंगावर तर काही नाही’ यावर विसंबू नका. औषध एकच: ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५, लहान मुलांना ०.३ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. स्वतः टोचायचे पेन असेल तर ते कपड्यावरूनही चालते. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस.

त्या माणसाला आडवे करा, पाय वर ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा, उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. उभे करू नका, स्वच्छतागृहापर्यंतही चालवू नका. अचानक उठल्याने हृदयाकडे परतणारे रक्त आटते आणि तिथेच मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. सेटिरिझिन किंवा स्टिरॉइड देऊन वाट बघणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. त्यांनी खाज कमी होते, पण श्वासनलिका उघडत नाही आणि रक्तदाब सावरत नाही. बरे वाटले तरी रुग्णालयात जायलाच हवे, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

आणि तुमच्या कागदांवर कुठे ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेले असेल तर तीही तपासून घ्या. असा शिक्का असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तपासणीत ते औषध चालते. लहानपणी तापात आलेले पुरळ बहुतेक वेळा विषाणूचे असते.

पुढच्या काही आठवड्यांत करायचे ते असे. रोजची गोळी आणि नाकाचा फवारा डॉक्टरांना विचारून सुरू करा. १४ पदार्थांच्या यादीसमोर लिहा: बंद करण्याआधी हे मी नियमित खात होतो का, आणि खाल्ल्यावर दोन तासांत काही झाले होते का? ज्यांच्यापुढे ‘खात होतो, काही झाले नाही’ असे येईल ते दर तीन दिवसांनी एक या हिशेबाने परत आणा, आधी चमचाभर, दुसऱ्या दिवशी नेहमीइतके. अहवाल आयजीईचा असेल तर ही यादी आधी डॉक्टरांना दाखवा, कारण क्वचित दीर्घ काळ बंद ठेवलेला पदार्थ परत आणताना प्रतिक्रिया येते. इसब असलेल्या लहान मुलांत हा धोका जास्त, म्हणून त्यांचे दूध-अंडे नुसत्या अहवालावरून कधीही तोडू नये. मधल्या दिवसांत गांधी उठल्या तर घाबरून पदार्थाला दोष देऊ नका. त्या तर उपाशी असतानाही उठतच होत्या. एखाद्या पदार्थापुढे ‘दहा मिनिटांत ओठ सुजले’ असे लिहिले गेले, तर तेवढा एकच पदार्थ बंद ठेवा आणि त्याच्यासाठी प्रिक टेस्ट मागा.